आमच्या पोरांचा हंगाम

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मालवणात चिवल्याच्या पुळणीवर बसलो होतो. यंदाच्या अंकाचा विषय 'हंगाम' आहे, असं त्यांनी सांगितलं आणि लगेच बजावलं, "आंबा आणि मासळी सोडून काय ते लिहा." समोर ओहोटी लागली होती. सकाळची रापण ओढून झाली होती, जाळी वाळूवर पसरली होती आणि पाणी मागे सरलेल्या ओल्या पट्टीवर दहा-बारा पोरं फुटबॉल खेळत होती. एकीकडे दोन चपलांचा गोल, दुसरीकडे जाळ्याच्या दोन बोयांचा. ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर चेंडू पळतो. कोरड्या वाळूत पाय रुततात. त्यामुळे इथल्या मैदानाची रुंदी समुद्र ठरवतो आणि भरती चढली की खेळ संपतो.

त्यांत एक डावऱ्या पायाचा पोरगा होता, तेराएक वर्षांचा. चेंडू पायाशी बांधल्यासारखा घेऊन जायचा आणि दोघे अंगावर आले की क्षणभर थांबून त्यांच्या मधूनच काढायचा. त्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. पाणी वर आलं, पोरं चपला गोळा करू लागली, तेव्हा मी त्याला हाक मारली.

"रोज खेळतंस काय रे?"

"होय. सुकती असली काय."

"आणि मॅची?"

"शाळेची एक झाली. पयल्याच मॅचीक हरलंव. आता फुडल्या वर्साक."

रोज खेळणाऱ्या पोराला वर्षाकाठी एक सामना. त्या संध्याकाळी घरी जाताना हाच हिशोब डोक्यात राहिला आणि विषय तिथेच ठरला. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा दोन फुटबॉलवेड्या शेजाऱ्यांच्या मधोमध आहे. दक्षिणेला पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, पूर्वेला फोंड्याचा घाट चढला की कोल्हापूर. दोन्हीकडे पिढ्यान् पिढ्या फुटबॉलची साखळी चालते. त्यांच्या पोरांना जे मिळतं ते आमच्या पोराला का मिळत नाही, हे बघायला मी दोन्हीकडे गेलो.

आज चुकलेलं उद्या सुधारायची सोय

कोकणात हंगाम हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ट्रॉलर बंदरात उभे असतात. नारळी पौर्णिमेला मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर दर्याला नारळ वाहतात आणि मग समुद्र पुन्हा आपला होतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळ्या बाहेर पडतात आणि मिरगाचा पाऊस येईपर्यंत फिरत राहतात. कुठल्या गावची जत्रा कुठल्या तिथीला, हे ठरलेलं असतं. त्यामुळे मंडळीला आज कुठे आणि उद्या कुठे याचा प्रश्न पडत नाही.

दशावताराकडे मी लहानपणापासून बघत आलोय. नव्याने मंडळीत आलेला पोरगा पहिल्या रात्री अडखळतो. आवाज चढत नाही, तलवार हातात जड होते. पण दुसऱ्या रात्री दुसरं गाव असतं, तिसऱ्या रात्री तिसरं. काल जिथे अडखळला तिथे आज सावरतो, आणि शिमग्यापर्यंत तोच पोरगा मृदंगाच्या थापेवर ऐटीत फिरू लागतो. त्याला घडवतात त्या ओळीने लागलेल्या रात्री. आज चुकलेलं उद्या सुधारायची सोय म्हणजे हंगाम, असा अर्थ मी त्यातून घेतला आणि फुटबॉलकडे त्याच नजरेने बघायचं ठरवलं.

ही गोष्ट आपल्यापुरतीच आहे असं नाही. आपल्याकडे पाऊस जे करतो ते फिनलंडमध्ये बर्फ करतो. हिवाळाभर मैदानं गोठलेली असतात, म्हणून युरोपातल्या बहुतेक देशांत लीग ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत चालत असताना फिनलंडची सर्वोच्च लीग, वेइक्काउसलीगा, एप्रिलमध्ये सुरू होऊन शरदात संपत आली आहे. बर्फाच्या महिन्यांत संघ बंदिस्त हॉलमध्ये लीग कप खेळतात. लीगमध्ये १२ संघ. प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा घरच्या आणि एकदा बाहेरच्या मैदानावर खेळतो, म्हणजे प्रत्येकाचे २२ सामने होतात. मग वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे होऊन पुन्हा आपापसांत झुंजतात. वरचे विजेतेपदासाठी, खालचे तळाला न जाण्यासाठी. उन्हाळ्यात तिथे रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, आणि वर्षातले तेवढेच उजेडाचे महिने तो देश मैदानावर घालवतो.

या लीगमधल्या एका विजेत्याने मला फार दिलासा दिला. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या समुद्रात ओलांड नावाची बेटं आहेत. मारीएहाम्न हे त्यांचं मुख्य गाव, वस्ती बारा हजारांच्या आतबाहेर. २०११च्या जनगणनेत मालवण नगराची लोकसंख्या अठरा हजारांवर होती, म्हणजे ते आमच्याहून लहान. बंदराचं, बोटींचं, पर्यटकांचं गाव. त्या गावाच्या आयएफके मारीएहाम्न या संघाने २०१६ साली राजधानी हेलसिंकीच्या बलाढ्य एचजेकेसह सगळ्यांना मागे टाकून देशाचं विजेतेपद घेतलं. एका दिवसाच्या नशिबावर असं होत नाही. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आठवड्यामागून आठवडे गुण जमवावे लागतात. लहान गावालाही ते जमतं, फक्त खेळायला तेवढे आठवडे मिळाले पाहिजेत.

म्हापशाची एक दुपार

सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत म्हापशाला उतरलो. दुलेर मैदानावर कृत्रिम हिरवळ आहे, त्यामुळे उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्या पावसाची फारशी भीती नाही. गोवा प्रोफेशनल लीगचा सामना होता. पोरं खाली पाय मोकळे करत होती, पंच चेंडू दाबून बघत होते. गॅलरीत मोजकी माणसं होती. शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ मैदानावरून नजर न काढता म्हणाले, "पयलीं हांगा बसपाक जागो मेळनाशिल्लो." म्हणजे पूर्वी इथे बसायला जागा मिळत नसे. आता लोक टीव्हीवर इंग्लंडची लीग बघतात, हे त्यांचं दुःख. पण ते स्वतः आले होते, आणि खाली खेळणाऱ्या वीसेक पोरांची नावं, गावं त्यांना पाठ होती.

गोव्यात हा खेळ आला तो आमच्या अगदी उंबरठ्याशी. पेडण्याच्या पलीकडे, शापोरा नदीच्या काठावर शिवोली आहे. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी तिथल्या शाळेत मुलांना फुटबॉल शिकवला. शाळेतून तो चर्चच्या पटांगणात गेला आणि तिथून भाताच्या शेतांत. कोकणपट्टीत भात कापून झालं की जिथे वायंगणाचं दुसरं पीक घेत नाहीत ते मळे मोकळे पडतात. गोव्याच्या कितीतरी पिढ्या त्या खुंटांवर अनवाणी खेळून मोठ्या झाल्या. आमच्याकडेही कापणीनंतर तसेच मळे मोकळे पडतात. पुढे मात्र दोन वाटा झाल्या. गोव्यात त्या मळ्यातल्या पोराला वर चढायला शिडी बांधली गेली.

ही शिडी कशी आहे ते समजून घेण्यासारखं आहे. १९५९ साली गोवा फुटबॉल असोसिएशन झाली. तिच्या छत्राखाली गावाचा क्लब खालच्या श्रेणीत नाव नोंदवतो. तिथे पहिला आला की वरच्या श्रेणीत जातो, तळाला राहिला की खाली येतो. सगळ्यांत वर १९९८ पासून चालत आलेली प्रोफेशनल लीग. शिवाय कुमारांच्या वयोगटाच्या स्पर्धा वेगळ्या. त्यामुळे साळगावकर, धेंपो यांसारख्या मातब्बर संघांच्या जोडीला कळंगुट असोसिएशन, वेळसांव, कुडचड्याचं गार्डियन एंजल अशी गावची नावं त्याच लीगच्या वेळापत्रकात दिसत आली आहेत. गावातल्या पोराला माहीत असतं, आज आपण इथे आहोत आणि यापुढची पायरी कुठे आहे.

या शिडीवरून वर गेलेल्यांत ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर आहेत. गोलरक्षक म्हणून ते भारताचे कर्णधार झाले आणि १९९७चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. ब्रुनो कुतिन्हो आहेत, तेही भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी. २०१२ साली गोवा सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून घोषित केलं. तेव्हा राज्याने नवं काही केलं नाही, लोकांनी आधीच ठरवलेल्या गोष्टीवर शिक्का मारला.

खाणीचा पैसा गेला, गाव राहिलं

गोव्याच्या फुटबॉलमागे बराच काळ लोहखनिजाचा पैसा होता. साळगावकर, धेंपो, सेसा ही घराणी आणि कंपन्या खाणींच्या धंद्यातल्या. क्लबात चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळे, महिन्याचा पगार चालू राही आणि घरचे खेळायला आडकाठी करत नसत. त्या आधारावर धेंपोने २००५ आणि २००७ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि नंतर तिच्या जागी आलेल्या आय-लीगची तीन विजेतेपदं घेतली. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनीही देशाची लीग गोव्यात आणली. पंधराएक लाखांच्या लोकसंख्येचं राज्य कोलकात्याच्या बरोबरीने उभं राहिलं.

मग २०१२ साली खाणी बंद झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ मध्ये पुन्हा. दरम्यान २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. तिच्यामुळे आय-लीगचं स्थान खाली जाणार हे दिसू लागलं, तसे २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दि गोवा आणि धेंपो या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. एका वर्षात गोव्याची तीन मोठी नावं देशाच्या लीगमधून नाहीशी झाली.

म्हापशाच्या गॅलरीत बसून मी हाच प्रश्न विचारत होतो: एवढं होऊनही हे मैदान का चालू आहे? उत्तर खाली मैदानावरच होतं. देशाच्या लीगमधून बाहेर पडलेले संघ गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, कारण ती लीग कोणा एकाच्या पैशावर उभी नव्हती. तिच्याखाली गावांच्या श्रेणी होत्या, कुमारांचे गट होते, शनिवार-रविवारी शिट्टी घेऊन येणारे पंच होते. वरचा मजला पडला तरी जोतं शाबूत होतं. धेंपो त्याच जोत्यावरून पुन्हा चढत २०२४-२५च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला.

सामना सुटल्यावर बाहेर एक पोरगा बाइकला किक मारत होता. वीस-बावीस वर्षांचा, बूट पाठीवरच्या पिशवीला बांधलेले. मी मालवणहून आलो म्हटल्यावर तो मालवणीत बोलू लागला. सावंतवाडी तालुक्यातला होता, गोव्यात कामाला, एका गावच्या क्लबातून खालच्या श्रेणीत खेळणारा. "थंय आमच्याकडे खेळाक कोण बोलवता?" तो म्हणाला. "हंय फिक्चर येता फोनार. कामाच्या साहेबाक आधी सांगूक गावता." तारीख आधी कळते आणि त्याप्रमाणे सुट्टी मागता येते, एवढीच साधी सोय तो सांगत होता. त्या एका कारणासाठी तो सीमा ओलांडून खेळतोय.

घाट चढल्यावर

कोल्हापूरला गेलो ते थंडी सरत असताना. फोंडा घाट, दाजीपूरचं जंगल, राधानगरी, आणि मग उसाच्या मळ्यांमधून शहर. गाडीतून उतरून रिक्षावाल्याला "शाहू स्टेडियम" म्हटलं, तर त्याने विचारलं, "कुणाची मॅच हाय आज?" मी संघांची नावं सांगितली तशी त्याने वाटेत दोन्ही संघांचे बचावपटू, जखमी खेळाडू आणि गेल्या वर्षी हुकलेली पेनल्टी यांचा सगळा पाढा वाचला.

शाहू स्टेडियमच्या जागी पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. तळं बुजवून मैदान झालं, आणि आता दुपारी तिथे माणसांचं तळं भरतं. दुपारी एक सामना, उन्हं उतरल्यावर दुसरा. पेठांतून पोरं घोळक्याने येतात, हलगी वाजते, प्रत्येक संघाचे पाठीराखे आपापल्या कोपऱ्यात बसतात. माझ्या शेजारी आजोबा आणि नातू होते. आजोबा गप्प होते, नातू ओरडत होता. एक कॉर्नर वाया गेला तेव्हा आजोबा पुटपुटले, "लांबचा खांब धरायचा सोडून मधी घुसलाय." नातवाने मान डोलावली. शिकवणी अशीही चालते.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, १९४० सालची. तिच्या वरिष्ठ गटात १६ संघ असतात, आठ-आठचे दोन गट. गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. संघांची नावं वाचली की शहराचा इतिहास समोर येतो: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. यांतल्या तालमी मुळात कुस्तीच्या. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठेपेठेत तालमी भरभराटीला आल्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हता. गणपती, मोहरमचे पंजे, भांडण-तंटा, लग्न-मयत, सगळ्याला तालमीची पोरं पुढे. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवी संस्था काढावी लागली नाही. तो तालमीच्या दारातून आत आला आणि पेठेचाच झाला.

हंगामाची पहिली चाहूल खेळाडू-नोंदणीची. पावसाळ्यानंतर कोण कुठल्या संघाकडून नोंदला, कोण फुटला, कोण परत आला याच्या चर्चा कट्ट्यांवर रंगतात. मग केएसएची साखळी. ती संपली की उन्हाळा लागेपर्यंत एकामागून एक चषक, बाद फेरीचे. खेळाडूंचा खुराक, बूट, मानधन, बाहेरून आणलेल्या खेळाडूंचा खर्च हे सगळं पेठेतले सभासद, दुकानदार, पुढारी मिळून उचलतात. गोव्याचे, मुंबईचे, बंगालचे, नायजेरियाचेही खेळाडू इथे पेठांकडून खेळून गेले आहेत. वळिवाचे पाऊस सुरू झाले की मैदान विश्रांतीला जातं. गवत पुन्हा धरायला पावसाळाभर वेळ लागतो.

ईर्ष्या आणि तिची किंमत

या ईर्ष्येने कोल्हापूरला जितकं दिलं तितकं काही वेळा हिरावलंही. हुल्लडबाजीमुळे इथे सामने थांबवावे लागले आहेत, स्पर्धा अर्ध्यावर बंद पडल्या आहेत, मैदानाबाहेर पोलिसांचा बंदोबस्त लागला आहे. दगड भिरकावणाऱ्याला वाटतं आपण पेठेची बाजू घेतो. प्रत्यक्षात तो आपल्याच पेठेच्या पोरांचा सामना काढून घेत असतो. जुनेजाणते मला हेच पोटतिडकीने सांगत होते. दुसरी खंत नोकऱ्यांची. पाच-सहा हजार लोकांसमोर खेळलेल्या पोराला तिशीनंतर काय, याचं पक्कं उत्तर कुणाजवळ नव्हतं.

तरीही इथल्या मातीतून अनिकेत जाधव वर आला. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि पुढे देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचला. विश्वचषकाच्या दिवसांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे मोठमोठे फलक कोल्हापूरच्या चौकांत लागतात, त्याची छायाचित्रं सगळीकडे छापून येतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं ते असं, की विश्वचषक चार वर्षांनी येतो आणि केएसएची साखळी दर वर्षी. फलक बघून पोरगं खेळायला लागतं, पण तयार होतं ते साखळीत.

बाद आणि साखळी यांचा हिशोब

आता चिवल्याच्या पोराकडे वळतो. त्याची शालेय स्पर्धा बाद पद्धतीची होती. सुब्रतो चषकासारख्या स्पर्धेत शाळा जिल्ह्यात जिंकली तर विभागाला जाते, तिथे जिंकली तर राज्याला. या स्पर्धांचं मोल मी कमी मानत नाही. पण बाद पद्धतीचं गणित निष्ठुर असतं. १६ शाळा उतरल्या तर पहिल्याच दिवशी आठ शाळा घरी जातात. दुसऱ्या फेरीनंतर आणखी चार. शेवटी पंधराच सामने होतात आणि निम्म्या पोरांच्या वाट्याला वर्षाचा एकच सामना येतो. हरलेल्या संघाचा गोलरक्षक काय चुकला हे त्याला कळतं, पण ते सुधारून दाखवायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. तेराव्या वर्षी एक वर्ष फार मोठं असतं.

साखळीत हरणाराही पुढच्या आठवड्यात खेळतो. आठ संघांच्या गटात प्रत्येकाला सात सामने मिळतात, हरो वा जिंको. शिक्षकाला संघ बदलून बघता येतो. बाकावरच्या पोराला संधी मिळते. पंच तयार होतात, कारण त्यांनाही वीस-पंचवीस सामने मिळतात. बघायला येणाऱ्या माणसाला पोरांची नावं पाठ होतात, म्हापशाच्या त्या गृहस्थांसारखी, आणि नाव माहीत झालं की तो पुन्हा येतो. बक्षिसाच्या रकमेने एक दिवस गर्दी जमते. दर आठवड्याला परत येणारा प्रेक्षक साखळीच तयार करते.

वरचा मजला कितीही झगमगीत असला तरी त्याच्या भरवशावर राहता येत नाही, हे २०२५ने दाखवलं. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. पुढचं काही ठरेना, म्हणून देशाची सर्वोच्च लीग, इंडियन सुपर लीग, नेहमीप्रमाणे सप्टेंबरमध्ये सुरूच झाली नाही. फिनलंडमध्ये हंगाम अडवायला बर्फ लागतो, कोकणात पाऊस लागतो. इथे एका कागदाने व्यावसायिक खेळाडूंना घरी बसवलं. पेठेच्या आणि गावाच्या लीगला असल्या कागदाची वाट बघावी लागत नाही.

पुन्हा चिवल्यावर

मालवणला परतलो तेव्हा बोर्डिंगच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा रंगात आली होती. मंडप, माइक, समालोचन, ट्रॉफी. ते बघून मला निराशा आली नाही, उलट धीर आला. एवढी माणसं, एवढी वर्गणी, एवढी कष्टाची तयारी आमच्या गावांत आहे. मंडप घालणारी मंडळं आहेत, मैदान आखणारे हात आहेत, मुंबईहून पैसे पाठवणारे चाकरमानी आहेत. पुळणीवर खेळणारी पोरं आहेत, आणि अलीकडे त्यांच्यात मुलीही दिसतात. कमी आहे ती एकाच गोष्टीची: तारखांची ओळ, आधी ठरवलेली आणि पाळलेली.

आमच्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. केएसएच्या एका गटात जेवढे संघ तेवढेच. प्रत्येक तालुक्याचा पंधरा वर्षांखालचा एक संघ धरला आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं ठरवलं, तर एकूण २८ सामने होतात. आठवड्याला चार धरले तर सात आठवडे. तुळशीच्या लग्नानंतर पहिली शिट्टी वाजवली तर जानेवारी उजाडण्याच्या सुमारास शेवटचा सामना होतो. भात कापून झालेलं असतं, मैदानं सुकलेली असतात, शाळांच्या परीक्षा अजून लांब असतात. पोरांच्या प्रवासाला एक गाडी, दोन चेंडू, एक शिट्टी घेतलेला माणूस आणि जेवण. आमच्या एखाद्या गावच्या जत्रेला याहून जास्त तयारी लागते, आणि ती आम्ही दर वर्षी बिनबोभाट करतो.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना, मंडळांना, क्रीडाधिकाऱ्यांना आणि मुंबईतल्या गावकऱ्यांना हात जोडून एक विनंती आहे. ट्रॉफी नंतर आणा, मंडप नंतर घाला. आधी २८ तारखा लिहून शाळांच्या फळ्यावर लावा. चिवल्यावरच्या त्या डावऱ्या पायाच्या पोराला पहिल्या सामन्यात हरू दे. त्याला सांगायचं एवढंच, की पुढच्या रविवारी कुडाळला जायचंय, बूट सुकवून ठेव.